बळदाकडे झुकलेला कवडसा

मित्रांनो, मला उचलून पाहायच्या भानगडीत पडू नका. तुमच्याआधी पुष्कळांनी ती हौस केली आणि कंबरेत उसण भरवून घेतली. दिसायला मी लहानशा कलिंगडाएवढा, पण वजनाने भरतो चांगला मणभर. रंगाने काळपट, अंगाने गुळगुळीत आणि स्वभावाने जड असा मी एक जुना शिशाचा गोळा. कुणी ढकलल्याशिवाय मी कधी हललो नाही. पण सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका घरात, एका बंद खोलीत मी जे पाहिलं, ते इतकी वर्षं झाली तरी माझ्या मनातून जात नाही. ते एकदा कुणाला तरी सांगायला हवं.

माझा जन्म सन एकोणीसशे सत्तावीसच्या उन्हाळ्यात शिवयोगी ओताऱ्याच्या भट्टीत झाला. एरवी हा माणूस समया, घंटा आणि बैलांची घुंगरं ओतायचा. माझ्यासाठी त्याने जमेल तिथून शिसं गोळा केलं. जुन्या नळांचे तुकडे होते, छापखान्यातले झिजलेले अक्षरांचे खिळे होते, आणि मूठ मूठ करून जमवलेल्या बंदुकीच्या जुन्या गोळ्या होत्या. पेशवाई बुडाली त्या वर्षी सोलापुरात लढाई झाली होती. त्या लढाईतल्या गोळ्या अजून नांगराला लागून वर येतात, असं लोक सांगत. त्यांतल्या काही मातीत शिरल्या असतील, काही माणसांत. त्या सगळ्या वितळून माझ्या पोटात गेल्या. फार शांत झालं की मला वाटे, माझ्या आतून कुणीतरी पाणी मागतं आहे. मी कुणाला घाबरवलं नाही, पण मला माझीच भीती वाटायची.

त्याच दिवशी, तसल्याच साच्यात, तेवढ्याच वजनाचा माझा भाऊ ओतला गेला. आम्ही जुळे. आम्हाला घ्यायला आले ते वेणीमाधव मास्तर. इंग्रजी शाळेत ते शास्त्र शिकवत. उंच, सडसडीत, बोलता बोलता खडूने स्वतःचाच कोट पांढरा करणारे.

"मास्तर, ह्ये गोळे काय तोफंत घालणार काय?" शिवयोगीने विचारलं.

"नाही हो, शिवयोगी. यांनी मी पृथ्वी तोलणार आहे."

शिवयोगी पोट धरून हसला. "मग तागडी कुटं टांगणार? सिद्धेश्वराच्या शिखराला व्हय?"

मास्तरही हसले. पण ते खोटं बोलत नव्हते. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते, असं ते मुलांना शिकवत, आणि ऐकून ऐकून ते मला तोंडपाठ झालं आहे. जिच्यात वस्तुमान जास्त, तिची ओढ जास्त. वस्तुमान दुप्पट झालं तर ओढ दुप्पट होते. अंतर वाढलं की ओढ घटते, आणि तीही झपाट्याने. अंतर दुप्पट केलंत तर ओढ पाव हिश्शावर येते. पृथ्वी एवढी अवजड की तिची ओढ आपल्याला लगेच कळते, म्हणून आंबा खाली पडतो. पण आंबाही पृथ्वीला ओढत असतो, आणि आढीतला एक आंबा शेजारच्या आंब्यालाही ओढत असतो. ती ओढ इतकी नाजूक की आंब्यांना तिचा पत्ता नाही. ती नाजूक ओढ पकडायची, मोजायची आणि तिच्यावरून पृथ्वीचा भार काढायचा, हा मास्तरांचा ध्यास होता. विलायतेत एका शास्त्रज्ञाने हे सव्वाशे वर्षांपूर्वी केलं होतं. मास्तरांना ते सोलापुरात करायचं होतं, एवढंच.

त्यांचं यंत्र पाहिलंत तर तुम्हाला हसू येईल. एक हलकी लाकडी दांडी, तिच्या दोन टोकांना लिंबाएवढ्या दोन शिशाच्या गोळ्या. दांडीच्या मध्यावर केसासारखी बारीक तार बांधून ती वरच्या तुळईला टांगलेली. तारेवर आरशाची एक टिकली, लमाण बायका कपड्यांना लावतात तसली. वारा लागू नये म्हणून भोवती काचेची पेटी. आम्ही दोघे भाऊ पेटीबाहेर, दांडीच्या एकेका टोकाजवळ. आम्ही लहान गोळ्यांना ओढायचं, दांडीने किंचित फिरायचं. आरशाच्या टिकलीवर कंदिलाचा प्रकाश सोडला की समोरच्या पांढऱ्या भिंतीवर कवडसा उमटे. दांडी जरा फिरली की तो कवडसा भिंतीवर चांगला बोटभर सरके. भिंतीवर मास्तरांनी एक काळी रेघ ओढून ठेवली होती. दांडीला कुणाचीच ओढ नसली की कवडसा त्या रेघेवर उभा राहायचा.

आधी शाळेच्या कोठीत यंत्र उभं केलं. आम्हाला लांब ठेवलं की तिथे दांडी सरळ राही, यात शंका नाही. पण गिरण्यांची घरघर जमिनीतून वर येई आणि कवडसा तापकऱ्यासारखा कापत राही. मोजमाप होईना. मास्तरांना निवांत, अंधारी, जाड भिंतींची जागा हवी होती. तशी जागा त्यांच्या घरातच होती, पण ती मागायचा त्यांना धीर होत नव्हता.

त्यांचं घर माळवदाचं, मातीच्या रुंद भिंतींचं. आतल्या अंगाला एक खोली तीन वर्षांपासून कुलूपबंद होती. त्या खोलीत त्यांची एकुलती एक मुलगी, गोदावरी, विषमज्वराने गेली होती. सगळे तिला गोदू म्हणत. सात वर्षांची पोर. ती गेली त्या दिवशी तिच्या आईने, अनसूयाबाईंनी, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या कमरेला लावली. मास्तरांनी शेवटी एका संध्याकाळी विचारलंच. अनसूयाबाईंनी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

"उघडा," त्या म्हणाल्या. "पण दार आपटू नका. ती दचकायची."

आम्हाला शाळेतून घरी आणलं ते बैलगाडीने. वळसंगला मास्तरांची थोडी जमीन होती. ती महिपती आणि त्याची बायको बजाबाई कसत. गाडी त्यांचीच. मला उतरवताना महिपतीचा चेहरा लालबुंद झाला, तेव्हा बजाबाई म्हणाली, "ह्यो गोळा न्हाय बाई, ह्यो माजा सासरा हाय! जागचा हलंल तर शपथ." अनसूयाबाई त्यावर हसल्या नाहीत. तेव्हा मला वाटलं, बाई कडक दिसतात. नंतर कळलं, त्यांना हसून तीन वर्षं झाली होती.

खोली यंत्राला अगदी मानवली. दार बंद केलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. मास्तरांनी इथल्या भिंतीवरही तशीच रेघ ओढली आणि दाराला एक भोक पाडून काच बसवली. त्यातून कंदिलाचा प्रकाश आत सोडायचा आणि त्यातूनच बाहेर उभं राहून कवडसा पाहायचा. रविवारी गिरण्यांना सुटी असे, जमीन शांत असे. पहिल्याच रविवारी मास्तरांनी आम्हाला दांडीच्या टोकांजवळ सरकवलं आणि बाहेर जाऊन दार लावलं. भाकरी भाजून व्हावी इतक्या सावकाश दांडी आमच्याकडे वळली. कवडसा जागचा निघाला आणि भिंतीवरून चालू लागला. मास्तरांना आनंद आवरेना.

"अगं, इकडे ये! बघ, बघ!"

अनसूयाबाई पदराला हात पुसत आल्या आणि काचेला डोळा लावला. बंद खोलीत, त्यांच्या मुलीच्या खोलीत, एक उजेडाचा ठिपका आपल्या आपण चालत होता.

"कोण हलवतंय त्याला?"

"कुणीच नाही!" मास्तर हर्षाने म्हणाले. "आत कुणीच नाही!"

मित्रांनो, तो विद्वान माणूस त्या दिवशी फार चुकला. ज्या घरातून लेकरू गेलं आहे त्या घरात हे शब्द असे आनंदाने बोलायचे नसतात. अनसूयाबाईंनी काचेवरचा डोळा काढला तेव्हा तो पाण्याने भरला होता. मास्तरांना वाटलं, शास्त्राचा चमत्कार पाहून भरून आलं.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर शाळेत गेले की अनसूयाबाई खोलीत येऊ लागल्या. मास्तर जाताना आम्हा दोघांना दांडीच्या मध्याशी समोरासमोर ठेवून जात. तिथून आमची ओढ दोन्ही टोकांना सारखीच पडे, म्हणजे दांडीने सरळ राहायला हवं. बाई बाहेर कंदील लावत, आत येत आणि उजव्या भिंतीला पाठ टेकून बसत. आणि कवडसा रेघेवर नसे. तो त्या भिंतीच्या बाजूला झुकलेला असे.

"गोदू," त्या म्हणत, "आलीस बाळा? ये. जवळ ये."

आणि खरं सांगतो, कवडसा हळूहळू, केसभर का होईना, आणखी त्यांच्या बाजूला येई.

मी भ्यालो. आम्ही मध्यावर होतो, आमचा यात हात नव्हता. मग दांडी कुणाचं ऐकत होती? माझ्या पोटातल्या त्या जुन्या गोळ्या आठवून मला वाटू लागलं, जी माणसं त्यांनी मारली त्यांच्यातलंच कुणी माझ्या वाटेने या घरात शिरलं तर नाही? मी वस्तू आहे, मला देव आठवता येत नाही. मी नुसता जड होऊन बसलो.

बाईंच्या ताटातली अर्धी भाकरी खोलीत येऊ लागली. मग सगळीच येऊ लागली. भिंतीपाशी वाटीत दूध, गुळाचा खडा, गोदूची लाकडी बाहुली. बाई स्वतः मात्र पाण्याच्या घोटावर राहत. दसरा गेला, दिवाळी आली, आणि त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. शेजारणी म्हणाल्या, देवऋषी बोलवा. बजाबाई ज्वारीची पेंढी द्यायला आली होती, तिने दाराशी बसून बाईंचा हात हातात घेतला.

"बाई, लेकराला असं बांदून ठिऊ नगा. त्येला बी फुडं जायाचं असतंय."

"मी कुठे बांधलंय? तीच थांबलीय."

"आन् तुमी? तुमी काय खाताय? असंच चाललं तर तुमी बी तिच्याकडंच जाताय की!"

त्यावर अनसूयाबाई म्हणाल्या, "मग बरंच होईल." हे मास्तरांनी पलीकडून ऐकलं. त्यांच्या हातातला तांब्या खाली पडला.

त्या दिवसापासून मास्तरांचं खाण्यापिण्यावरून लक्ष उडालं. ते माझ्यासमोर बसत आणि मोठ्याने विचार करत. सांगावं तर तिची मुलगी दुसऱ्यांदा मरते. न सांगावं तर बायकोच हातची जाते. त्यातून त्यांना स्वतःलाही एक कोडं सुटत नव्हतं. दांडी उजव्या भिंतीकडे झुकते ती का? त्यांनी तार बदलली. दांडी काढून उलटी टांगली, डावं टोक उजवीकडे नेलं. काहीही केलं तरी जे टोक उजवीकडे येई ते भिंतीकडे वळे. शाळेत असं कधी झालं नव्हतं. एकदा तर मास्तरांनीच भिंतीकडे पाहून हलकेच हाक मारली, "गोदू?" आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो शास्त्राचा मास्तर होता, पण बापही होता.

पुढच्या रविवारी त्यांनी धीर केला. अनसूयाबाईंना दाराशी बोलावलं. हातात एक वाळलेला भोपळा होता, बरोबर माझ्याच आकाराचा.

"तू म्हणतेस, गोदू हलवते," ते म्हणाले. "आपण तिलाच विचारू. आधी मी हा भोपळा आणि त्याचा जोडीदार ठेवतो. मग शिशाचे गोळे. दिसायला दोन्ही सारखेच. गोदू असेल तर तिला भोपळा काय आणि शिसं काय?"

बाईंनी मान हलवली. आम्हाला हलवून टोकांजवळ भोपळे ठेवले. कवडसा जिथे होता तिथेच राहिला. बाई काचेला डोळा लावून उभ्या होत्या. "गोदू," त्या म्हणाल्या, "अगं, चल ना." कवडसा हलला नाही. मग मास्तरांनी भोपळे काढून आम्हाला ठेवलं. दांडी निघाली. आम्हाला उलट अंगाला ठेवलं, दांडी उलट निघाली. पुन्हा भोपळे ठेवले. पुन्हा काही नाही.

"आकाराचं काही नाही यात," मास्तर म्हणाले. "आत किती भरलंय, त्याचं आहे. भोपळा पोकळ आहे. त्याचीही ओढ आहे, पण नावापुरती. शिसं मणभर आहे, म्हणून दांडी त्याचं ऐकते. हे सगळं भाराचं काम आहे, अनसूये. दुसरं कुणी नाही."

कमरेला किल्ली लावल्या दिवसापासून या बाईने जे धरून ठेवलं होतं, ते एका भोपळ्याने काढून घेतलं. मला त्या क्षणी माझ्या वजनाची लाज वाटली. मग अनसूयाबाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं,

"आणि हे गोळे मधे ठेवता तेव्हा? तेव्हा ती भिंतीकडे का जाते?"

मास्तर खाली पाहत म्हणाले, "ते मला कळलेलं नाही. त्या बाजूला फार जड असं काहीतरी असायला हवं. खंडी-दोन खंडीचं. पण भिंतीपलीकडे आपलं बळद, आणि ते तर खाऊन रिकामं झालेलं असणार."

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी बळद पाहिलं नसेल. दोन भिंतींच्या मधे धान्यासाठी केलेली ती एक आंधळी कोठी असते. पोटमाळ्यावरच्या तोंडातून दाणा आत ओतायचा, तोंडावर फळी टाकून मातीशेणाने लिंपून टाकायचं. काढायचा तेव्हा खालच्या भोकातला बोळा काढून काढायचा. नव्या सालाचा दाणा बळदात जातो आणि जुना संपल्यावर, दिवाळीनंतर, ते उघडतात. मास्तरांना ताटातली भाकरी तेवढी ठाऊक. ती कणगीतून येते की बळदातून, हे त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं.

"रिकामं नाही," अनसूयाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान वर केली.

"भरलेलं आहे. गोदू गेली त्या वर्षीचं. मी उघडलंच नाही." बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "चैत्रात दाणा आला, आठवतं? बळदात दाणा तुडवायला तिलाच उतरवलं होतं. हलकं पोर लागतं ना. गुडघाभर ज्वारीत नाचत होती. वर आली, मी तोंड लिंपलं, आणि ही बया ओल्या लिंपणावर पाय देऊन पळाली. दोन पावलं उमटली. मी धपाटा घातला तिला. मेले, म्हटलं, आत्ताच सारवलं ना मी! रडली. श्रावणात गेली. मी ते पुन्हा सारवलं नाही, आणि ज्वारीलाही हात लावला नाही. दरसाल कणगीतल्यावर भागवते, कमी पडलं तर बाजारातून आणते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाला असता, दाणा किडेल."

मास्तर तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. माझ्यासमोर माणूस रडताना मी प्रथमच पाहत होतो. दांडीला ओढणारं जे होतं ते अखेर सापडलं. ती गोदूने तुडवलेली ज्वारी होती.

"मग तुमचं गणित चुकत असेल," काही वेळाने बाई म्हणाल्या.

"चुकू दे."

"पृथ्वी तोलायची ना तुम्हाला?"

"चुकू दे म्हटलं ना. राहू दे ती ज्वारी."

अनसूयाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "वळसंगला यंदा पाऊस नाही. बजाबाई परवा पेंढी द्यायला आली, पण तिच्या घरी दळायला काही नव्हतं. मला कळलं होतं. कळून मी गप्प बसले. खालचा बोळा काढा. वरचं तोंड तेवढं फोडू नका."

पुढच्या रविवारी महिपती गाडी घेऊन आला. बाईंनी एकच गोष्ट मागितली, खोलीत त्या भिंतीपाशी बसायची. मास्तरांनी आम्हाला मध्यावर ठेवलं, कंदील लावला. पलीकडे बोळा निघाल्याचा आवाज झाला, आणि भिंतीच्या पोटातून ज्वारी सुटली. नदीला दूरवर पाणी यावं तसा तो आवाज माझ्यापर्यंत आला.

"बाई!" बजाबाई स्वयंपाकघरातून ओरडली. "वरवरचं किडलंय जरा, पर आतला दाना टनक हाय! राख आन् लिंबाचा पाला घातला व्हता न्हवं तुमी? लई ब्येस राहिलाय!"

पोती भरून अंगणात जाऊ लागली. दर थोड्या वेळाने मास्तर सगळ्यांना थांबवत आणि दांडी शांत होऊ देत. कवडसा भिंतीकडून निघाला होता. तो रेघेकडे येत होता. बाई त्याच्याकडे टक लावून बसल्या होत्या. त्या रडत होत्या, पण त्याला हाक मारत नव्हत्या. जितकी ज्वारी जाई तितका तो ठिपका लांब जाई. लेकीची गाडी वेशीपलीकडे जाताना आई पाहते, तशा त्या पाहत होत्या. मी आयुष्यात खूप वेळा कवडसा सरकवला, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवेना.

शेवटचं पोतं गेलं. आत केरसुणी फिरल्याचा आवाज आला आणि थांबला. मास्तर दाराच्या काचेतून पाहत होते. कवडसा रेघेपाशी आला होता, पण रेघेवर नव्हता. अजून अगदी केसभर भिंतीकडे होता. मला वाटतं, त्यांना कारण कळलं होतं, पण ते त्यांच्याने बोलवेना.

अनसूयाबाईच ते बोलल्या. "माझाही भार असेल ना हो त्यात?"

दारापलीकडून उत्तर आलं. "असतो. थोडा असतो."

"मग मी उठते."

त्या भिंतीला हात लावून उठल्या. त्यांनी वाटी उचलली, बाहुली उचलली, आणि दार न आपटता बाहेर गेल्या. मी कवडशाकडे पाहत राहिलो. तो सावकाश सरकला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. पलीकडे स्वयंपाकघरात जात्याची घरघर सुरू झाली. बजाबाई म्हणत होती, "बसा तुमी, मी दळते की," आणि अनसूयाबाई म्हणत होत्या, "दळू दे मला. आज भूक लागलीय." जात्यामुळे दांडी थरथरू लागली आणि मास्तरांना त्या रविवारी एकही मोजमाप घेता आलं नाही. त्यांनी ते थांबवायला कुणाला सांगितलं नाही.

पुढे मास्तरांनी पृथ्वी तोलली. उत्तर खऱ्याच्या पुष्कळ जवळ आलं म्हणतात. शाळेत टाळ्या झाल्या, आम्हा भावांना फुलांचे हार पडले. मग मास्तर दुसऱ्या गावी बदलून गेले, आणि कौतुक संपायला वेळ लागला नाही. माझ्या भावाला कुणीतरी वितळवून टाकलं. मी काही वर्षं लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसलो, आता एका जिन्याखाली कोळ्यांच्या जाळ्यांत आहे. भाऊ कुठे, कोणत्या रूपात आहे ते मला माहीत नाही. पण जिथे असेल तिथून तो मला ओढतो आहे आणि मी त्याला. अंतर फार आहे, म्हणून कळत नाही, इतकंच.

ते घर सोडताना अनसूयाबाई शेवटचं एकदा पोटमाळ्यावर चढल्या होत्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या तळहाताला जुन्या लिंपणाची माती होती. ती त्यांनी धुतली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, माझ्यावरची जाळी कधीतरी झटका. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणी एकाच भिंतीपाशी फार दिवस बसून राहिलं, तर त्याला वेडं म्हणू नका आणि लगेच उठवूही नका. त्याच्याजवळ बसा, आणि भिंतीपलीकडे काय भरून ठेवलं आहे ते विचारा.